मदर्स डेचा अपॉस्ट्रॉफी

मे महिना आला की पुण्यात केकवाल्यांच्या बोर्डांवर इंग्रजीत मदर्स डे झळकायला लागतो, आणि तो बिचारा अपॉस्ट्रॉफी (Mother's मधला तो वर लटकणारा स्वल्पविराम) कधी गायब तर कधी एसच्या पलीकडे जाऊन बसलेला. म्हणाल एवढ्याशा चिन्हाचं काय घेऊन बसलीये, पण ज्या बाईने अमेरिकेत हा दिवस सुरू केला ना, ॲना जार्विस, तिचा हट्टच होता की तो एसच्या आधीच हवा, कारण प्रत्येकाने आपापल्या आईचा दिवस करायचा, जगातल्या सगळ्या आयांचा घाऊक नाही!

५ सप्टेंबरच्या टीचर्स डेला मात्र उलटं, शिक्षक अनेक म्हणून एसनंतर. आणि खरी गंमत १४ नोव्हेंबरला, चिल्ड्रन हे आधीच अनेकवचन, त्यामुळे तिथे परत एसच्या आधी, इथे भलेभले गंडतात, शाळांची बॅनर्स बघा हवं तर. अमेरिकेतला व्हेटरन्स डे तर सरकारच अपॉस्ट्रॉफीशिवाय लिहितं, का तर दिवस माजी सैनिकांच्या मालकीचा नाही, त्यांच्या सन्मानाचा आहे (पटतंय मला).

३१ डिसेंबरच्या पार्टीच्या पोस्टरवर न्यू इयर्स ईव्ह लिहिताना अपॉस्ट्रॉफी टाका, पण नुसतं हॅपी न्यू इयर म्हणताना प्लीज नको.