"आज कोणता बँड बघायला आलात?"

टोकियोत लाईव्ह हाउसच्या, म्हणजे बँड वाजवतात त्या छोट्या जागेच्या, दारात पैसे घेताना हा प्रश्न ठरलेला. पाहुणचार नव्हे तो. समोरच्या कागदावर त्या रात्रीच्या बँडांची नावं असतात, आणि तुमच्या उत्तरासरशी एका नावापुढे रेघ पडते. "असंच आलो" म्हणालात तर तुमची रेघ कुणाच्याच खात्यात जात नाही. तेव्हा टोकियोतल्या कोएन्जी भागातल्या एखाद्या तळघरात शिरलात तर एक नाव ठासून सांगा.

कारण नोरुमा. दुसऱ्या महायुद्धानंतर सायबेरियाच्या छावण्यांतून सुटलेल्या कैद्यांनी जपानला आणलेला हा रशियन शब्द. अर्थ, नेमून दिलेलं काम. समजा तिकीट २००० येन आणि बँडच्या वाट्याला विकायला १५ तिकिटं. रेघा पडल्या सहा, तर उरलेल्या नऊ तिकिटांचे १८,००० येन बँडने स्वतःच्या खिशातून भरायचे. पंधराच्या वर गेलं, तर पुढच्या तिकिटांचे साधारण निम्मे पैसे बँडला. म्हणजे स्टेजवर व्यवस्थेच्या नावाने शंख करायचा आणि खाली उतरून कोटा भरायचा! याच शहरात १९८५ साली हानाताराश या नॉइज, म्हणजे गोंगाटालाच संगीत मानणाऱ्या, बँडच्या यामात्सुका आयने कार्यक्रमात बॅकहो, म्हणजे आपल्या भाषेत जेसीबी, घुसवून सभागृहाची मोडतोड केली होती. पण त्याआधीही प्रेक्षकांकडून 'इजा झाल्यास जबाबदारी आमची' असं लिहून घेतलं होतंच. विध्वंससुद्धा कागदपत्रं पूर्ण करून.

आपल्याकडे एकांकिका स्पर्धेची प्रवेश फी भरतातच की, असं कुणी म्हणेल. भरतात, पण रिकाम्या खुर्च्यांचा दंड कुणी लावत नाही.

मात्र त्या पैशांत काय मिळतं तेही सांगायला हवं. मार्शलचा अँप, रोलंडचा जेसी-१२०, ड्रमसेट, साउंडवाला, लाइटवाला, सगळं जागेवर तयार. गिटारवाल्याने गिटार आणि पेडल्स (आवाज बदलणारी, पायाने दाबायची डबडी) आणायची, ड्रमरने स्नेअर (दोन काठ्यांनी वाजवायचा छोटा ड्रम) आणि मोठ्या ड्रमचं किक पेडल. पुण्यात अँप भाड्याने आणून टेम्पोतून उतरवणाऱ्यांना हे स्वर्गसुख वाटेल. (प्रेक्षकाला तिकिटावर ६०० येनच्या आसपास एक ड्रिंक सक्तीचं, कारण बहुतेक जागांचा परवाना खाण्यापिण्याच्या दुकानाचा असतो. पाणी घेतलं तरी पैसे तेवढेच.)

साउंडचेक उलट्या क्रमाने होतो. शेवटी वाजवणारे आधी, पहिले वाजवणारे सर्वांत शेवटी, म्हणजे त्यांची मांडणी हलवावीच लागत नाही. नॉइजवाल्यांना याचा फार फायदा. त्यांच्यातला एक प्रकार नो-इनपुट, म्हणजे मिक्सरचं आउटपुट त्याच्याच इनपुटात फिरवून वाजवणं. त्यात ईक्यूचं, म्हणजे आवाजाची पट्टी कमीजास्त करणारं, बटण जरा फिरलं की शिट्टी एकदम कानठळ्या बसवते. म्हणून सगळे फेडर (आवाजाच्या सरकपट्ट्या) खाली ठेवून सुरुवात करायची, ऑक्स (आवाज परत फिरवायची जादा वाट) हळूहळू उघडायचा, आणि पीएकडे, म्हणजे सभागृहाच्या स्पीकरांकडे, जाणाऱ्या वायरीत लिमिटर (आवाज ठरावीक पातळीवर अडवणारं यंत्र) ठेवायचा. नाहीतर आधी ट्वीटर, म्हणजे वरच्या पट्टीचा छोटा स्पीकर, जातो.

भारतातून पेडल्स आणणाऱ्यांनी अडॅप्टरवर '१००–२४०' छापलंय का ते बघावं. इथे वीज १०० व्होल्टची. जुना, फक्त २३० चा ट्रान्सफॉर्मरवाला असेल तर नऊ व्होल्टच्या जागी चारेक व्होल्ट निघतात आणि पेडल मुकं होतं.

कार्यक्रम संपला की प्रत्येक बँडचा एकजण हिशेबाला काउंटरवर जातो. सहा रेघांचा अंदाज ज्याला संध्याकाळीच आलेला असतो, त्याने १८,००० आधीच मोजून पाकिटात घातलेले असतात.