तुम्ही विचारलंत म्हणून : रंगांच्या पुस्तकातनं वाचायला कसं येणार?

शाळा सुटताना गेटवर कोण ना कोण विचारतंच, काय ओ बाई, ही रंगांची नि रागा-रुसव्याची चित्रांची पुस्तकं किती दिवस चालणार, पोरगी वाचायला कधी शिकणार? सांगलीत बालवाडी घेते मी, हे ऐकायची सवय झालीय. तर ती शिकतेच आहे, फक्त वहीत दिसत नाहीये.

निळा, पिवळा, काळा, जांभळा. रंगांचं पुस्तक परत परत वाचलं की पोरांच्या आपोआप ध्यानात येतं, सगळ्यांच्या शेवटी ळा आहे, मग फळा, गळा, शाळा, जे दिसेल त्याला ळा लावत सुटतात, आणि हिरव्याला का नाही यावर भांडणं. असा आवाज सुटा ऐकू यायला लागला की अक्षर बसायला वेळ लागत नाही. नुसतं 'ळ बाळाचा' घोकलेलं पोर दुसऱ्या शब्दात तोच ळ आला तर बघतच राहतं.

भावनांचं म्हणाल तर लहान पोरांकडं एकच वाक्य असतं, 'कसंतरी होतंय'. पुस्तकातनं रुसणं, लाजणं, घाबरणं असे शब्द मिळतात. पण लाल म्हणजे राग, पिवळा म्हणजे आनंद असं पाठ करून घेऊ नका हो! एका पोराचे वडील हळदीच्या गोडावनात कामाला, तो म्हणाला पिवळं म्हणजे शिंका. बरोबरच आहे की. त्याच्या चित्राखाली त्याचंच वाक्य लिहून दिलं, तर दुसऱ्या दिवशी बोट ठेवून सगळ्यांना 'वाचून' दाखवत होता. अक्षर एक येत नव्हतं, पण लिहिलेलं दर वेळी तेच बोलतं हे त्याला कळलं, आणि माझ्या मते वाचनाची सुरुवात तिथंच होते.

घरी वाचताना 'हा कुठला रंग?' अशी परीक्षा नको. 'हा असा का बसलाय?' विचारा आणि गप्प बसा, उत्तर यायला वेळ लागतो. अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली हेच करून बघितलं, दोन-अडीच वर्षांच्या पोरांच्या आईबापांना पुस्तक वाचताना असे मोकळे प्रश्न विचारायला शिकवलं आणि महिन्याभरात ती पोरं बोलण्यात पुढं गेली.

आणि घाई कसली? २०२१ ला सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या निपुण भारत या लिहिण्या-वाचण्याच्या मोहिमेत पण समजून वाचायचं टार्गेट तिसरीपर्यंतचं आहे, आपली अजून साडेतीन वर्षांची.

पुस्तकं महाग वाटत असतील तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठीत फुकट आहेत. मोबाईलवर चालतील, पण जमलं तर प्रिंट काढा, पोरांना मागचं पान परत उलटून बघायचं असतं. आणि तेच पुस्तक दहाव्यांदा वाच म्हणाली तर कंटाळा आला तरी तोंडावर दाखवू नका.