आधी सांगाडा, मग नक्षी: आमची वाटचाल

सांगली, मिरज, तासगाव, वाई, सातारा या पट्ट्यातल्या वाड्यांमधली जुनी लाकडी कपाटं दुरुस्त करणं हे आमच्या कार्यशाळेचं काम. सुरुवात पॉलिशपासून झाली, कारण गिऱ्हाईक तेवढंच मागतं: "जरा चमकवून द्या." पुढे सुतारकाम आलं, मग पितळ, शिंपला, हाड, आरसे आले आणि कामाचा क्रमच उलटा झाला. आता कपाट आलं की आधी सांगाडा, मग नक्षी, पॉलिश सगळ्यात शेवटी. नक्षीचा तुकडा सुटतो तो बहुतेक वेळा खालचं लाकूड हलल्यामुळे. ते तसंच ठेवून वरून चिकटवलं, तर पुढच्या उन्हाळ्यात तुकडा पुन्हा हातात येतो.

हे लाकडात जडवलेल्या पितळी पट्टीवर सगळ्यात स्पष्ट दिसतं. 400 मिमी रुंदीची सागवानी फळी पावसाळा आणि वैशाख यांच्या दरम्यान आडव्या अंगाने 2 ते 3 मिमी कमी-जास्त होते. तेवढ्याच लांबीची पितळी पट्टी 20 अंशांच्या फरकाने जेमतेम 0.15 मिमी वाढते. लांबीच्या दिशेने लाकूड जवळपास हलतच नाही, म्हणून लाकडाच्या रेषांबरोबर बसवलेली पट्टी टिकते. रेषांना आडवी गेलेली पट्टी मात्र लाकूड आकसलं की मधोमध कमान होऊन उचलते. तिला हातोडीने ठोकून खाली बसवू नका. पितळ ताणतं, आणखी लांब होतं आणि दुसरीकडे फुगतं. आम्ही पट्टी पातळ पात्याने पूर्ण सोडवतो, खोबणीतला जुना सरस (प्राण्यांच्या कातडी-हाडांपासूनचा गोंद) कोमट पाण्याने मऊ करून खरवडतो, पट्टीची मागची बाजू 120 नंबरच्या पॉलिश पेपरने खरबरीत करतो आणि त्यावर लसणाची पाकळी चोळतो. ही जुनी कारागिरांची रीत आहे आणि आजही उपयोगी पडते. सरस धातूला नीट धरतो. बसवताना टोकाला अर्धा मिमी फट सोडून ती रंगीत मेणाने भरतो. पितळ आणि लाकूड एकत्र घासायची वेळ आली, तर आधी लाकडावर लाखेचे दोन हात द्यायचे. नाहीतर पितळेची काळी भुकटी रेषांत शिरते आणि काही केल्या निघत नाही.

पितळी मुठींचं दुखणं वेगळं. पातळ पत्रा दाबून घडवलेल्या मुठी काही कपाटांवर आपोआप तडकलेल्या दिसतात. साच्यात दाबताना पितळेत ताण राहिलेला असतो; त्यात गोठ्यातला किंवा तबेल्यातला अमोनिया आणि पावसाळी ओल मिळाली की तडे जातात. ब्रिटिश फौजेच्या हिंदुस्थानातल्या काडतुसांच्या नळ्या तबेल्यात ठेवल्यावर पावसाळ्यात अशाच फुटत, त्यातूनच हे कारण कळलं. म्हणून अमोनिया असलेलं क्लीनर जुन्या पितळेला लावू नये.

चिंच आणि लिंबाचाही धोका आहे, पण तो शिंपल्याला. पितळ घासताना आंबट पाणी शेजारच्या शिंपल्याच्या नक्षीवर ओघळतं. शिंपला म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, आम्ल त्याला खातं आणि चमक कायमची जाते. अशा कपाटावर आम्ही फक्त किंचित ओलं फडकं वापरतो. नवा तुकडा बसवताना रिकाम्या खोबणीवर पातळ कागद ठेवून पेन्सिलने आकार घासून उतरवतो. 1 ते 1.2 मिमी जाडीचा शिंपला सोनाराच्या करवतीने, पाण्याचा थेंब सोडत कापतो. कोरडी धूळ फुप्फुसांना वाईट, मास्क लागतोच. तुकडा खोबणीतून 0.2 मिमी वर ठेवून मग सपाट करायचा.

या जडावाच्या कामात आम्हाला मिरजेचा मोठा आधार आहे. तिथल्या तंतुवाद्य कारागिरांचा हात बारीक नक्षीवर बसलेला आहे. 2024 मध्ये मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्या कारागिरीचा मान त्यात आहे.

हस्तिदंताबद्दल मात्र आमचं धोरण कडक आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 1986 आणि 1991 मध्ये दुरुस्त्या होऊन आधी भारतीय, मग आफ्रिकी हस्तिदंताचाही व्यापार बंद झाला. त्यामुळे नवा तुकडा आम्ही कुठूनही आणत नाही. रिकामी जागा हाडाने भरतो. ओळखायला भिंग पुरतं: हाडात बारीक काळसर ठिपके किंवा रेघोट्या दिसतात, हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेषांची जाळी.

सांधे आणि व्हिनियर (वरून चिकटवलेला लाकडाचा पातळ थर) यांच्यासाठी आम्ही प्राण्यांच्या सरसावर ठाम आहोत. रात्रभर थंड पाण्यात भिजवलेला सरस, वजनाने सरस एक भाग तर पाणी दीड ते दोन भाग, दुहेरी भांड्यात 60 ते 65 अंशांवर पातळ करायचा. उकळला की ताकद गेली. पांढरा गोंद सोपा आहे, पण पन्नास वर्षांनी कुणाला ते कपाट पुन्हा उघडायचं असेल तर सरस ऊब-ओल देऊन सुटतो, पांढरा गोंद लाकूड फाडतो. त्यात भिजलेल्या जागी नंतर सरस धरतही नाही, त्यामुळे अशी जुनी दुरुस्ती आली की निम्मा वेळ गोंद खरवडण्यातच जातो. सागवान तेलकट असल्याने चिकटवण्याआधी सांध्याला थिनरचं फडकं लावावं.

पॉलिशआधी आतल्या बाजूला चाचणी घेतो: कापसाला स्पिरिट लावून चोळलं आणि चिकट झालं, तर लाखेचं जुनं पॉलिश आहे. ते काढायचं नाही, त्यावरच नवं चढतं. 200 ग्रॅम चपडा (लाखेचे पातळ पापुद्रे) एक लिटर स्पिरिटमध्ये रात्रभर विरघळवून मलमलीतून गाळायचा. सहा महिन्यांपेक्षा जुनं द्रावण टाकून द्यावं, ते वाळतच नाही. पॉलिश चढवायच्या कापडी बोळ्याखाली जवसाचं तेल थेंबभरच. पावसाळ्यात हे काम आम्ही घेत नाही, दमट हवेत पॉलिशवर पांढुरकी झाक धरते.

2019 च्या कृष्णेच्या पुरानंतर सांगलीत एक वेगळं काम वाढलं: पुराचं पाणी शिरलेली कपाटं. यात पहिल्या काही तासांतच निम्मा निकाल लागतो. गाळ ओला असतानाच स्वच्छ पाण्याने धुवा. वाळला की तो रेतीसारखा पॉलिश ओरबाडतो. उन्हात अजिबात ठेवू नका, एक बाजू आधी वाळून फळी तडकते. अडकलेले ड्रॉवर ओढू नका, मागची फळी काढून आतून हवा द्या. कपाटाखाली 25 मिमी पट्ट्या ठेवून सावलीत वाळवा. लाकडात ओलावा 12 टक्क्यांवर येईपर्यंत आम्ही सरसाला हात लावत नाही. जाड लाकडाला यात काही महिने जातात. उचललेलं व्हिनियर तोवर बटर पेपर आणि वाळूच्या पिशव्यांखाली दाबून ठेवतो.

कपाट पाठवताना ड्रॉवर, काचा आणि आरसे वेगळे गुंडाळा. निघालेले तुकडे, भुकटीसुद्धा, लिफाफ्यात घालून त्यावर कुठून निघाले ते लिहा. किल्ल्या कुलपाजवळ चिकटपट्टीने लावू नका, ती पॉलिश उचलते; दोऱ्याने मुठीला बांधा.