‘१९८४’ला गाणी जोडताना: माझा अनुभव

टी.वाय.ला इंग्लिश स्पेशलच्या इंटर्नलसाठी आमच्या सरांनी निबंध दिलाच नाही. जॉर्ज ऑरवेलच्या ‘१९८४’साठी पाच लोकप्रिय गाणी निवडा म्हणाले, भाषा कुठलीही चालेल, प्रत्येक गाण्यामागे अर्धं पान लिहा, मग तोंडी परीक्षा. वर्गात आनंदीआनंद. गाणी काय, मोबाइलमध्ये पडलेलीच आहेत!

कादंबरी १९४९ची. शहर लंडन, पण देशाचं नाव ओशनिया, आणि सत्ता एकाच पक्षाची. घराघरांत टेलिस्क्रीन, जो बोलतो, ऐकतो आणि बघतोही. नायक विन्स्टन स्मिथ सत्य मंत्रालयात बसून जुन्या पेपरांतल्या बातम्या बदलतो. विषयांची यादी कुणीही करेल: पाळत, इतिहासाची खाडाखोड, भाषेची छाटणी, प्रेमावर बंदी, छळ. यादी झाली की गाणीही पटापट सुचतात आणि तिथेच घोळ होतो. पाळत म्हटल्याबरोबर निम्म्या वर्गाने रॉकवेलचं ‘समबडीज वॉचिंग मी’ उचललं. गाणं मस्त आहे, धृपदाला मायकेल जॅक्सनचा आवाज आहे. पण त्यातल्या माणसाला नुसता संशय आहे, की कुणीतरी आपल्यावर नजर ठेवून आहे. विन्स्टनला संशय कसला? आत्ता, या घडीला बघताहेत की नाही, एवढंच त्याला कळत नसतं.

इंग्लिश गायक डेव्हिड बोवीही मी बाजूला ठेवला. त्याला या कादंबरीवर संगीतिका करायची होती. ऑरवेलच्या पत्नीने, सोनियाने, परवानगी नाकारली आणि त्यासाठी केलेली काही गाणी १९७४च्या ‘डायमंड डॉग्ज’ या अल्बममध्ये आली. त्यातल्या एकाचं नावच ‘१९८४’. जोडी बोवीनेच लावून ठेवलेली, मी त्यात काय भर घालणार?

मग विषयांची यादी मिटली आणि कादंबरीतली गाणी शोधायला लागलो. कारण ऑरवेलने स्वतःच आत बरीच गाणी पेरली आहेत. जुन्या लंडनच्या चर्चच्या घंटांचं बडबडगीत आहे, द्वेष सप्ताहासाठी खास रचलेलं द्वेषगीत आहे. आणि एक धोबीण आहे. विन्स्टन आणि त्याची प्रेयसी जूलिया ज्या भाड्याच्या खोलीत चोरून भेटतात, तिच्या खिडकीखालच्या अंगणात ही दांडगी, लालबुंद हातांची बाई बाळाची दुपटी दोरीवर वाळत घालत असते. तोंडात चिमटे. ते काढले की लगेच गाणं सुरू. गाणं अगदी टुकार, वाया गेलेल्या प्रेमाचं. ते माणसाने लिहिलेलंही नाही. सामान्य जनतेसाठी असली गाणी पाडणारं एक यंत्रच मंत्रालयात असतं. पण बाई ते इतकं जीव ओतून म्हणते, की विन्स्टनला ते ऐकत राहावंसं वाटतं.

त्या पानावर माझं काम मार्गी लागलं. गाण्याचे शब्द विषयाला जुळतात का, हे बघायचं सोडून मी दोन प्रश्न धरले. कादंबरीत हे गाणं कुणाच्या तोंडी शोभेल? आणि पक्ष ते वाजू देईल का?

पहिलं आलं सुरेश भटांचं ‘उषःकाल होता होता’. ‘सिंहासन’ (१९७९), संगीत हृदयनाथांचं, आवाज आशाबाईंचा. क्रांती झाली आणि तिच्यातूनच अंधार उगवला, ही ओशनियाचीच कहाणी. पण गाणं तिथे थांबत नाही, मशाली पेटवायला सांगतं. विन्स्टन डायरीत लिहितो की आशा असलीच तर ती सामान्य जनतेत आहे. ते वाक्य मी या गाण्याला जोडलं.

दुसरं ‘अभी ना जाओ छोड़कर’. मित्र हसले. राजकारणाचं नाव नाही त्यात! म्हणूनच घेतलं. जूलिया त्या खोलीत खरी साखर आणि खरी कॉफी घेऊन येते, पक्षातल्या वरच्या वर्तुळाच्या कोठारातून लांबवलेली, आणि पहिल्या घोटाआधीच वासाने खोली भरते. कुणीतरी अजून थोडा वेळ थांबावं, एवढीच मागणी करणारं गाणं पक्षाने सगळ्यांत आधी बंद केलं असतं.

किशोरकुमारचं ‘वो शाम कुछ अजीब थी’ मी दोन कारणांनी घेतलं. एक गाण्यातलंच: तेव्हाची संध्याकाळ आणि आजची संध्याकाळ शेजारी ठेवून बघता येतात. विन्स्टनच्या जगात नेमकं हेच करता येत नाही. कालचा पुरावाच जळालेला असतो. दुसरं कारण गाण्याबाहेरचं. आणीबाणीत, १९७६ साली, सरकारी प्रचाराच्या कामाला नाही म्हटल्यामुळे किशोरकुमारची गाणी आकाशवाणीवरून आणि दूरदर्शनवरून बंद केली होती. अर्थात लोकांच्या घरी तबकड्या होत्या, त्या कुणी जाळल्या नाहीत. हेही लिहिलं.

प्रत्येक अर्ध्या पानाच्या शेवटी ‘जोडी कुठे सुटते’ असा परिच्छेद टाकायचा, हे मी तिथूनच ठरवलं. रेडिओहेड या बँडच्या ‘२ + २ = ५’च्या (२००३) वेळी त्याचा खरा उपयोग झाला. नाव थेट कादंबरीतलं, पण चाल उलट जाते. गाणं दबक्या आवाजात सुरू होतं आणि निम्म्यानंतर एकदम फुटतं. विन्स्टन सुरुवातीला डायरीत ठणकावून लिहितो की दोन अधिक दोन चार म्हणता येणं म्हणजेच स्वातंत्र्य. शेवटी चेस्टनट ट्री कॅफेत टेबलावरच्या धुळीत बोटाने ‘२ + २ = ५’ गिरवतो, आवाजसुद्धा न करता.

सगळ्यांत शेवटी ‘द पोलीस’ या बँडचं ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’ (१९८३). लोक ते लग्नात वाजवतात! चाल इतकी मऊ की शब्दांतली पाळत लक्षातच येत नाही. मी ते टेलिस्क्रीनला न जोडता ओब्रायनला, म्हणजे विन्स्टनचा छळ करणाऱ्या पक्षाच्या बड्या अधिकाऱ्याला, जोडलं. कैदेत विन्स्टनला एक आवाज ऐकू येतो, काळजी करू नकोस, सात वर्षं मी तुझ्यावर लक्ष ठेवून आहे. धमकी वाटतच नाही, मास्तरांची माया वाटते. कादंबरी संपताना पाळत आणि प्रेम एकच होऊन जातात, त्यामुळे हे गाणं शेवटाखेरीज कुठे बसलं नसतं.

आमच्यातल्या एकाने पाचवं गाणं एआयकडून बनवून घेतलं. टेलिस्क्रीन, पक्षाचा नेता बिग ब्रदर, छळाची खोली क्रमांक १०१, सगळं यमकांत बसवलेलं. अख्ख्या वर्गात विषयाला सर्वाधिक जुळणारं गाणं तेच होतं. सरांनी त्याला धोबिणीचं पान काढून मोठ्याने वाचायला लावलं.

माझ्या तोंडीत सरांनी गीतरामायण काढलं. ‘पराधीन आहे जगती पुत्र मानवाचा’ का नाही? घरी आईनेही हेच सुचवलं होतं, आणि मी ते बराच वेळ यादीत ठेवलंही होतं. मी म्हटलं, तिथे राम भरताची समजूत घालतोय. जे झालं ते दैवाने झालं, दोष कुणाचाच नाही. ‘१९८४’मध्ये दोष आहे, आणि तो कुणाचा हेही ठाऊक आहे. चार मंत्रालयांच्या अवाढव्य इमारती विन्स्टनच्या घराच्या गच्चीवरून एकदम दिसतात. सर म्हणाले, अरे, मग पक्षाला तेच तर हवंय, लोकांनी सगळं दैवावर टाकावं! पक्ष हे गाणं रोज सकाळी लावेल. मी म्हटलं, लावेल, पण भावाचं दुःख हलकं करण्यासाठी म्हटलेलं गाणं ओब्रायनच्या तोंडी घालावंसं मला वाटत नाही. सरांना ते पटलं नाही. पुढच्या रोल नंबरला हाक मारेपर्यंत आमचं त्यावरच चाललं होतं.