आठ एकेचाळीस आणि नऊ बारा

सोमवारी सकाळी एका सहकारी बँकेच्या तालुक्याच्या शाखेत कॅशियरचं लॉगिन बंद पडलं. काउंटरपुढे रांग आणि कॅशियर म्हणतोय, पासवर्ड आत्ता बदलून मिळालाय, त्याने मशीन उघडलंही होतं, आता तोच पासवर्ड चुकीचा म्हणतंय. तपासल्यावर कळलं की बँकेच्या सुरक्षा ऑटोमेशनने त्याचा पासवर्ड त्या सकाळी दोनदा बदलला होता. पहिल्यांदा 8:41 ला, दुसऱ्यांदा 9:12 ला.

मी पुण्यात अशाच ऑटोमेशनच्या सपोर्टमध्ये आहे. संशयास्पद लॉगिनचा अलर्ट आला की सॉफ्टवेअर माणसाची वाट न बघता कामाला लागतं. खात्याची चालू सेशन्स बंद करायची, पासवर्ड बदलायचा, तात्पुरता पासवर्ड शाखाधिकाऱ्यांच्या मोबाइलवर पाठवायचा, कर्मचाऱ्याच्या मशीनवर पूर्ण स्कॅन लावायचं, ते संपलं की केस बंद. या क्रमाला प्लेबुक म्हणतात. एका अलर्टला प्लेबुक एकदाच चालायला हवं.

मी कॉलवर आले तोवर बँकेत निकाल लागून गेला होता. सॉकचे, म्हणजे पाळीपाळीने सुरक्षेवर नजर ठेवणाऱ्या बँकेच्या टीमचे, प्रमुख म्हणाले, "मॅडम, पाळीवरच्या पोराने परत रन केलं असणार. दुसरं काय?" तो पोरगा कॉलवरच होता. नोकरीला लागून फार दिवस झाले नव्हते. "सर, मी बटणाला हात लावला नाही," एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. अडचण अशी की बटण कोणीही दाबलं तरी पासवर्ड बदलण्याचं काम सर्व्हिस अकाउंटच्याच, म्हणजे सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या खात्याच्या, नावाने होतं. वेब स्क्रीनच्या ऑडिट लॉगमध्ये, म्हणजे कोणी काय केलं याच्या नोंदींमध्ये, त्याच्या नावावर रनची नोंद नव्हती, पण प्रमुखांना ते पुरेसं वाटेना. नोंद नाही म्हणजे दाबलं नाही असं कसं धरायचं, हा त्यांचा प्रश्न. दुसऱ्या रनचं खरं कारण हातात आल्याशिवाय तो मुलगा सुटणार नव्हता.

तेवढ्यात सर्व्हर सांभाळणारे दादा म्हणाले, "मॅडम, एकदा रीबूट मारून घेऊ का? बहुतेक वेळा सुटतं."

मी जवळजवळ ओरडलेच. या लिनक्स सर्व्हरवर व्हार-लॉग या लॉगच्या जागेखाली जर्नलचा, म्हणजे सिस्टमच्या नोंदींचा, फोल्डरच नव्हता. तो नसेल तर सर्व्हरच्या सेवा चालवणारं सिस्टमडी आपलं जर्नल मेमरीत ठेवतं आणि रीबूट झाला की ते जातं. अशा वेळी आधी लॉग घ्यायचे आणि मग सेवांना हात लावायचा, हे मी दर वेळी सांगते. दादांनाही ते पटलं.

लॉग घेणं म्हणजे प्रॉडक्टमधलं 'लॉग बंडल डाउनलोड' हे बटण दाबणं, असा बहुतेकांचा समज असतो. आम्ही आधी डिस्क पाहिली. बंडल बनताना सगळ्या फायली एकत्र बांधल्या जातात, आणि व्हार पार्टिशन, म्हणजे लॉग असतात तो डिस्कचा भाग, आधीच भरत आलेलं असेल तर तेवढ्यानेच ते भरून डेटाबेस थांबू शकतो. म्हणून बंडल दुसऱ्या पार्टिशनवर बनवलं, त्याचा एसएचए-256 हॅश, म्हणजे फाइल बदलली तर लगेच कळावं असा तिचा ठसा, कॉलवर सगळ्यांसमोर वाचून टिपून ठेवला, आणि जर्नलसीटीएल या कमांडने सकाळी आठ ते दहाचं जर्नल वेगळं काढलं. बंडलमध्ये एपीआय कीज, म्हणजे सॉफ्टवेअरच्या गुप्त किल्ल्या, असतात, कर्मचाऱ्यांचे मोबाइल नंबर असतात. ते बँकेबाहेर जाऊ नये हा बँकेचा आग्रह मला पूर्ण मान्य आहे, त्यामुळे सगळं वाचन त्यांच्याच मशीनवर, स्क्रीन शेअर करून झालं.

ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये पहिलं रन 03:11 ला आणि दुसरं 03:42 ला दिसत होतं, कारण तो लॉग यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लिहिला जातो. कर्मचाऱ्यांची खाती आणि पासवर्ड सांभाळणाऱ्या डोमेन कंट्रोलरचे इव्हेंट भारतीय वेळेत. फायरवॉल जुन्या सिसलॉग पद्धतीने नोंदी पाठवतं, आरएफसी 3164 ची पद्धत, ज्यात वर्ष नसतं आणि टाइमझोनही नसतो. या घोळातून आमच्याच टीममधल्या एकाला वाटलं की त्याला उत्तर सापडलं. फरक अर्ध्या तासाचा आहे, भारताची वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे, तेव्हा कुठेतरी साडेपाचऐवजी पाचच तास धरले गेले असणार. रन एकच झालं, स्क्रीनवर दोनदा दिसतंय!

हा तर्क इतका नेटका होता की कॉलवर सगळे सुटकेचा निःश्वास टाकायला लागले. मला तो खुपत होता, कारण कॅशियरचा पासवर्ड खरोखर दोनदा बदलला होता. डोमेन कंट्रोलरच्या सिक्युरिटी लॉगमध्ये 4724 या क्रमांकाचे दोन इव्हेंट होते. कोणी दुसऱ्याच्या खात्याचा पासवर्ड रीसेट करायला गेलं की हा इव्हेंट पडतो. दोन्ही सर्व्हिस अकाउंटचे, एकाच घड्याळाने नोंदलेले, आणि मध्ये साधारण एकतीस मिनिटं. टाइमझोनच्या चुकीत बरोबर तीस यायला हवी होती. तरी शंका नको म्हणून वेळ जुळवणाऱ्या क्रॉनी या प्रोग्रॅमकडून घड्याळं तपासली. सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांमध्ये घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवायला सांगितलेली आहेत, आणि या बँकेने ते काम मनापासून केलेलं होतं. फरक मिलिसेकंदांत. म्हणजे एकतीस मिनिटं खरी होती.

आता प्रश्न उरला तो या एकतीसचा. माणूस बटण दाबतो तो असा ठरावीक अंतराने दाबत नाही. आम्ही मागच्या आठवड्यातल्या दोनदा चाललेल्या केस शोधल्या. अशा आणखी काही निघाल्या, त्यांतल्या दोन दुसऱ्याच पाळीतल्या, आणि प्रत्येक वेळी अंतर तीस ते एकतीस मिनिटांच्या मध्ये. इथे मला रॅबिटएमक्यू आठवलं.

प्लेबुकची कामं वर्करपर्यंत, म्हणजे ती प्रत्यक्ष चालवणाऱ्या प्रोग्रॅमपर्यंत, पोचवणारी ही रांग. वर्करने काम उचललं की रांग त्याच्या पोचपावतीची वाट बघते, पावती आली की ते काम रांगेतून काढलं जातं. 2021 मध्ये 3.8.15 या आवृत्तीत या वाट बघण्याला मर्यादा आली. ती आधी 15 मिनिटं होती, 3.8.17 पासून 30 झाली. मर्यादा उलटली का, हे दर मिनिटाला तपासलं जातं, म्हणून प्रत्यक्षात तीस ते एकतीस मिनिटं लागतात. पावती आली नाही तर रॅबिटएमक्यू त्या वर्करशी जोडलेलं चॅनल बंद करतं आणि तेच काम पुन्हा रांगेत ठेवतं. दुसरा वर्कर ते उचलतो आणि पहिल्या पायरीपासून सुरू करतो. त्या पायऱ्यांमध्ये पासवर्ड बदलणंही आलंच. आमचं सॉफ्टवेअर पावती देत होतं ती सगळं प्लेबुक संपल्यावर, म्हणजे स्कॅन पूर्ण झाल्यावर. तालुक्याच्या शाखांमधल्या जुन्या मशीनवर ते स्कॅन अर्ध्या तासाच्या बाहेर जातं.

हे सिद्ध करायला रॅबिटएमक्यूचा स्वतःचा लॉग हवा होता, आणि आमच्या बंडलमध्ये तो नव्हताच! बंडल ॲप्लिकेशनचे लॉग उचलत होतं, आणि रांग त्याच्या हिशेबात बाहेरची. दादांनी व्हार-लॉगमधल्या रॅबिटएमक्यूच्या फोल्डरमध्ये जाऊन फाइल उघडली. 9:12 च्या ओळीत स्पष्ट लिहिलेलं होतं की चॅनलवरच्या डिलिव्हरीची पोचपावती वेळेत आली नाही, मर्यादा 1800000 मिलिसेकंद. ती ओळ मी मोठ्याने वाचली आणि त्या मुलाला नावाने हाक मारून म्हणाले, "बघ, हे तू केलेलं नाहीस." प्रमुख क्षणभर काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाळा, सॉरी." सगळ्या टीमसमोर म्हणाले, आणि त्यासाठी मला त्यांच्याबद्दल आदर वाटला.

दुपारी टेस्ट सर्व्हरवर मुद्दाम लांब चालणारं स्कॅन लावून, फक्त वर्करचा लॉग डीबगवर, म्हणजे बारीकसारीक नोंदींवर, ठेवून, तेच घडवून आणलं. दुसऱ्या वर्करच्या नोंदीत 'रिडिलिव्हर्ड', म्हणजे पुन्हा पोचवलेलं, हा शेरा खरा म्हणून आला. पहिल्या वर्करने स्कॅन संपल्यावर पावती द्यायचा प्रयत्न केला तेव्हा त्याला चॅनल बंद मिळालं. ही शेवटची एरर बँकेच्या लॉगमध्येही होती, आणि आतापर्यंत सगळे तिला नेटवर्कची समजत होते. सॉफ्टवेअरच्या नव्या अपडेटसोबत रॅबिटएमक्यूचीही आवृत्ती बदलली होती. त्याआधी ही मर्यादाच नव्हती, म्हणून तेच प्लेबुक इतके महिने निर्धोक चाललं.

उपायावर मात्र वाद झाला. दादांना मर्यादा काढूनच टाकायची होती. मी नको म्हणाले. एखादा वर्कर खरोखर अडकला तर त्याच्या हातातला अलर्ट कायमचा तिथेच पडून राहील, आणि बँकेत अलर्ट हरवणं हे पासवर्ड दोनदा बदलण्यापेक्षा वाईट. तात्पुरती मर्यादा दोन तासांवर नेली. शनिवारच्या मेंटेनन्समध्ये प्लेबुकचे दोन भाग केले. पहिला भाग पासवर्ड बदलून, स्कॅन सुरू करून लगेच पावती देतो, दुसरा ठरावीक वेळाने स्कॅनची स्थिती विचारत राहतो. पासवर्ड बदलण्याआधी या केसवर तो आधीच बदललाय का, ही तपासणी घातली, आणि बंडलच्या यादीत रॅबिटएमक्यूचा फोल्डर जोडला.

नंतरच्या आठवड्यात तशाच एका जुन्या मशीनवर स्कॅन तासाभराहून जास्त चाललं. डोमेन कंट्रोलरवर त्या खात्याचा 4724 एकदाच पडला.