दहा बाय दहाच्या खोलीतली किक

किक ड्रम, म्हणजे ट्रॅकमधला खालचा 'धप्प' ठोका, कसा घडवायचा यावर व्हिडिओंचा तुटवडा नाही, आणि माझा राग त्यांच्यावरच आहे. सगळ्यांचा पाठ एकच. साठ हर्ट्झला (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, सुराची उंची) तीन डीबी (आवाजाचं माप) वाढवा, तीनशेला कापा, तीन हजारला जरा चढवा, झाली किक तयार. पण बाबा, तू कसल्या खोलीत बसून ऐकतोयस, हे एकजण विचारत नाही.

मी बेळगावात, वडगावात राहतो. आमच्याकडे शिवजयंती वैशाखात, आणि चित्ररथाची मिरवणूक रात्रभर चालते. आमच्या मंडळाच्या चित्ररथासाठी ट्रॅक करायचा होता. गाणं पांढरी पाचमधलं, म्हणजे पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीतलं. ढोल आणि हलगी आम्हीच वाजवून घेतलेली, त्याखाली किक पाहिजे होती.

किक तयार करणं हा त्यातला सोपा भाग. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये साधी साइन वेव्ह, म्हणजे एकच शुद्ध सूर, घेतली. तिचा सूर १८० हर्ट्झपासून सुरू करून ४० मिलिसेकंदांत ४९ वर उतरवला आणि मग शेपूट विझू दिली. ४९ अशासाठी, की पांढरी पाच खाली नेली की तिथंच पोचते. १९८३ च्या रोलंड टीआर-९०९ या ड्रम मशीनमधल्या किकचं गणितही थोडंफार असंच आहे: वरून झपकन घसरणारा सूर आणि सुरुवातीला एक टोकदार टक्. संध्याकाळभरात झालं.

आणि तिथंच गाडी अडकली, ती पार होळी होऊन गेली तरी निघेना.

स्पीकर टेबलावर, मी खोलीच्या मधोमध खुर्चीत, आणि किकला पोटच नाही. टक् ऐकू येतो, धप्प गायब. तीन डीबी वाढवले, सहा वाढवले, काही फरक नाही. आणखी वाढवले तसा आतून आवाज आला, ''काय करालास रे? भिंत हादरालीय की!'' आमचं स्वयंपाकघर त्या भिंतीपलीकडं. म्हणजे माझ्या पुढ्यातल्या स्पीकरचा बेस आईला भाकरी थापताना मिळत होता, मला नाही. हेडफोन घातला तर किक एवढी जाड की ढोल बुडालेला. मावसभावाच्या गाडीत लावलं तर दाराची पॅनेलं थरथरायली. फोनवर नुसतं टक्-टक्. चार जागी चार निकाल, मग हात कशाला लावायचा?

या काळात मिळालेल्या सल्ल्यांची यादी काढली तर ट्रॅकपेक्षा लांब होईल. ''स्पीकर बदल'' म्हणणारे निम्मे. एका दुकानदारानं इंचभर जाडीचा फोम गळ्यात मारला. मित्र अंड्याचे ट्रे घेऊन आला, भिंतीला चिकटवायला. ट्रे मी परत पाठवले. पन्नास-साठ हर्ट्झची लाट एकोणीस-बावीस फुटांची असते, तिला इंचभर फोम म्हणजे काहीच नाही. त्यानं टाळीचा घुमार कमी होतो, बेसला धक्काही लागत नाही. हे फोम विकणाऱ्यानं सांगायला नको का?

शेवटी इक्वलायझर (हव्या त्या हर्ट्झचा आवाज कमी-जास्त करायचं साधन) बंद करून ठेवला आणि नुसता एक सूर वाजवत बसलो. चाळीस हर्ट्झपासून एकेक हर्ट्झ वर. ५६ च्या आसपास आलो आणि खुर्चीत आवाज जवळजवळ मेला. स्पीकरचा पडदा मात्र हलत होता, बोट लावून बघितलं. तसाच उठून भिंतीकडं चालत गेलो, तर दोन पावलांत सूर फुगत गेला आणि कोपऱ्यात छातीवर बसला. परत मधोमध आलो, गेला. घरच्यांना वाटलं याला लागिर झालंय.

याचं गणित कागदावर दोन ओळींचं आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. माझी खोली दहा फूट, म्हणजे ३.०५ मीटर. ३४३ ला ३.०५ च्या दुपटीनं भागा: ५६. समोरासमोरच्या भिंतींमध्ये ती लाट अशी अडकते की भिंतीजवळ सगळ्यांत जोरात आणि बरोबर मध्ये शून्य. माझी खोली दहा बाय दहा आणि वर स्लॅबही दहा फुटांवर. लांबी, रुंदी, उंची तिन्हींचा आकडा एकच, म्हणजे तिप्पट त्रास, आणि मी बरोबर मधल्या शून्यात बसलेलो. किकचा सूर १८० वरून ४९ ला येताना याच ५६ वरून उतरतो. बंगल्याच्या मोठ्या हॉलमध्ये बसलेल्याला हा प्रश्न एवढा छळत नाही, म्हणून व्हिडिओत तो नसतो.

टेबल पुढं सरकवून कान समोरच्या भिंतीपासून पावणेचार फुटांवर आणले. खोलीच्या लांबीच्या ३८ टक्क्यांवर बसा, असा एक ठोकताळा आहे. तिथून सुरुवात करा आणि सूर वाजवून पुढंमागं व्हा. कोपऱ्यांत सहा इंची रॉकवूल (दगडी तंतूंची जाड गादी) कापडात गुंडाळून उभं केलं. सगळं सपाट झालं असं नाही, पण किक पोट घेऊन आली. आधीचे सगळे बूस्ट काढून टाकले तेव्हा जे समाधान वाटलं, ते मिरवणुकीतल्या टाळ्यांनी वाटलं नाही.

पुढचं भराभर झालं. ३० हर्ट्झखालचं कापून टाकलं. मिरवणुकीच्या अठरा इंची बेसला तो भाग नुसता दमवतो. तीनशेच्या आसपास डबा वाजवल्यासारखं होतं, तिथं चार डीबी कमी. कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारं साधन), त्याचा अटॅक, म्हणजे दाबायला घ्यायचा वेळ, २० मिलिसेकंद. याहून फार कमी ठेवला तर तो टक्च खाऊन टाकतो. किक आणि ढोल एकत्र वाजले की दोन्ही बारीक होत होते. दोन्हींच्या लाटा मोठ्या करून बघितल्या तर एक वर निघतेय, एक खाली. ढोलाची पोलॅरिटी, म्हणजे लाटेची वर-खाली दिशा, उलटी केली, तेवढ्यानं काम झालं. हे इक्वलायझरच्या आधी बघा. फोनवर पन्नास हर्ट्झ येतच नाहीत, त्यासाठी थोडं सॅच्युरेशन दिलं, म्हणजे सूर जरासा फाटू दिला. मग शंभर-दीडशेचे वरचे सूर तयार होतात आणि कान खालचा सूर मनानंच भरून घेतो.

एक राहिलंच. टक्साठी मी हलगीवरच्या काडीचा आवाज वापरलाय. वडगावात दिवसभर माग चालतात, मायक्रोफोनमध्ये खडखड येतेच येते. त्यावर उपाय म्हणजे लाईट जायची वाट बघायची. लाईट गेली की गल्लीतले माग बंद, आणि इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा) लॅपटॉपच्या बॅटरीवर चालतो. पंखाही बंद. तेवढ्यात काय ते उरकून घ्यायचं.

आणि साउंडवाल्याला फाइल देताना किक मोनो ठेवा, म्हणजे डावीकडं-उजवीकडं एकच. त्याचे बेस सगळे एकाच तारेवर असतात. एमपी३ नको, वेव्ह (.wav) फाइल द्या. ''व्हॉट्सॅपवर टाक की'' म्हणाला तरी पेनड्राइव्ह घेऊनच जा.