आमची वाटचाल : बॅटरीच्या टपरीपासून जुन्या गाड्यांच्या वायरिंगपर्यंत

कुडाळला हायवेलगत बाबांची बॅटरी चार्जिंगची टपरी होती. गिऱ्हाईक म्हणजे ट्रक, जीप आणि गणपतीला मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांच्या फियाट. मी शाळेतून आलो की बाबा पॉलिश पेपर देऊन लग (बॅटरीला वायर जोडायची टोकं) घासायला बसवायचे. आज आम्ही फक्त जुन्या गाड्यांचं वायरिंग आणि मीटर करतो.

या कामाची गोडी एका चुकीतून लागली. मालवणच्या एका काकांची साठच्या दशकातली ब्रिटिश गाडी आली होती. टाकी अर्धी, पण पेट्रोलचा काटा फुलवर. इंजिन थंड असूनही तापमानाचा काटा वर चढायचा. मी पेट्रोलचा मीटर बदलला. नवाही फुलच दाखवू लागला. तोवर गप्प बसलेले बाबा म्हणाले, "दोनव काटे एकदम चुकतत, तर दोघांक करंट खयसून येता ता बघ."

अशा गाडीत डॅशबोर्डमागे काडेपेटीपेक्षा लहान स्टॅबिलायझर असतो. बॅटरीचे 12 व्होल्ट तो सरासरी 10 वर आणून दोन्ही मीटरना पुरवतो. आतली पट्टी तापून वाकते, करंट तुटतो. निवली की पुन्हा जुळतो. पण ती तापायला स्टॅबिलायझरच्या डबीच्या पत्र्याला अर्थिंग, म्हणजे गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे करंट परतायची वाट, मिळावं लागतं. इथे स्क्रूखाली गंज धरला होता, त्यामुळे पट्टी तापतच नव्हती आणि बॅटरीचा सगळा दाब सरळ मीटरवर जात होता. पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, स्क्रू आवळला. दोन्ही काटे सावकाश खाली उतरले. काकांचा जुना मीटर परत बसवला, नव्याचे पैसे परत दिले.

तेव्हापासून आमच्याकडे अर्थिंग तपासल्याशिवाय मीटरला हात लागत नाही. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या अर्थ टोकाला, दुसरी मीटरच्या पत्र्याला, आणि हेडलाइट चालू. 0.2 व्होल्टच्या वर दिसलं की दुखणं तिथेच. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत मात्र पॉझिटिव्ह अर्थ असतं, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेलं असतं, ते आधी पाहून घ्यावं लागतं. नाहीतर नवा रेडिओ जोडताक्षणी जळतो.

आपल्याकडे खारी हवा आणि वर पावसाळ्यात 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस. वायर बाहेरून धडधाकट दिसते, सोलली की आत तांबं हिरवंगार, चिमटीत चुरा होणारं. लालसर तांबं लागेपर्यंत आम्ही ती कापत जातो. नवी वायर मूळ रंगाचीच घालतो: काळी अर्थिंगला, तपकिरी थेट बॅटरीची, पांढरी इग्निशनची, हिरवी फ्यूजनंतरची. सगळीकडे लालच वायर ओढली तर पुढच्या वायरमनला काय कळणार? असं काम मला सहन होत नाही. रंग जुळवायला कधीकधी आठवडा जातो, तो आम्ही जाऊ देतो.

गाडी आणाल तेव्हा आधी कुणी काढून ठेवलेला मीटर भंगारात देऊ नका, सोबत घेऊन या. पुष्कळदा तोच परत बसतो.